मोंते रोझाच्या माथ्यावरील निवारा

इटली आणि स्वित्झर्लंड या दोन देशांची सरहद्द आल्प्स पर्वताच्या ज्या उंच कण्यावरून जाते, त्या कण्यावर मोंते रोझा हा हिमाच्छादित डोंगरसमूह उभा आहे. उंचीच्या दृष्टीने आल्प्समध्ये माँ ब्लाँच्या खालोखाल त्याचाच क्रम लागतो. 'रोझा' या शब्दामुळे गुलाबाची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी या नावाचा गुलाबाशी काही संबंध नाही. हिमनदी या अर्थाच्या स्थानिक बोलीतील शब्दापासून ते आलेले आहे. या समूहातील एका शिखराच्या अगदी माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४,५५४ मीटर उंचीवर, एक तीन मजली इमारत आहे. तिचे नाव राणी मार्गेरिता निवारा. इटालियन लोक तिला आजही 'कापान्ना' म्हणजे खोपीच म्हणतात. युरोपातील सर्वांत उंच गिर्यारोहक-निवारा म्हणून तिची ख्याती आहे.

महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या, तर मोंते रोझाच्या इटालियन बाजूस जेथे दोरमार्गाचे शेवटचे स्थानक आहे जवळजवळ तेवढी उंची होईल. त्यापुढील सुमारे तेराशे मीटर मात्र बर्फावरून पायीच चढावे लागतात. ही चढण आल्प्समधील कठीण चढणींपैकी नव्हे. खड्या कड्यांवर दोर ठोकत जाण्याची येथे गरज नसते. धडधाकट माणूस वाटाड्यासमवेत दोन दिवसांत माथा गाठू शकतो. या निवाऱ्याचे आकर्षण त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे. कारण पाय ज्या वेगाने माथ्यावर पोहोचतात, त्या वेगाने फुप्फुसे आणि मेंदू तेथील विरळ हवेशी जुळवून घेऊ शकत नाहीत. या एका गोष्टीमुळे या निवाऱ्याला विज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळाले.

धर्मगुरूची चढाई आणि राणीची भेट

शिखराच्या दक्षिणेस आलान्या नावाचे खेडे आहे. मध्ययुगात आल्प्सच्या पलीकडून आलेल्या जर्मन भाषक वाल्झर लोकांनी ते वसविले. एकोणिसाव्या शतकात तेथील चर्चचे धर्मगुरू असलेले जोव्हान्नी न्यिफेत्ती यांना या शिखराचा ध्यास लागला होता. अनेक अयशस्वी प्रयत्नांनंतर ९ ऑगस्ट १८४२ रोजी ते आपल्या सोबत्यांसह माथ्यावर पोहोचले. इटालियन लोक या शिखराला त्यांच्याच नावाने ओळखतात. स्विस नकाशांत मात्र ते 'सिग्नालकुप्पे' म्हणून दाखविलेले असते. पुढे १८६३ साली तुरीन येथे क्विंतिनो सेल्ला यांच्या पुढाकाराने इटालियन आल्पाइन क्लबची स्थापना झाली. सेल्ला हे शास्त्रज्ञ होते, तसेच देशाचे अर्थमंत्रीही होते. नव्याने एक झालेल्या राष्ट्राला आपले डोंगर आपण अभ्यासले पाहिजेत असे वाटू लागले होते. चढाईबरोबर निरीक्षण हेही क्लबचे उद्दिष्ट होते ते यामुळेच.

शिखरावर निवारा बांधावा असा निर्णय क्लबने १८८९ साली घेतला. काम सोपे नव्हते. लाकडी सांगाडा प्रथम खाली खोऱ्यात उभा करून पाहण्यात आला, मग तो सुटा करून त्याचे भाग खेचरांच्या पाठीवर आणि हिमनद्यांवर खेचरे चालेनाशी झाल्यावर माणसांच्या पाठीवर वर नेण्यात आले. माथ्यावरील खडक फोडून सपाटी करण्यात आली आणि तिच्यावर ते भाग पुन्हा जोडण्यात आले. १८ ऑगस्ट १८९३ रोजी इटलीची राणी मार्गेरिता स्वतः चढून वर आली व निवाऱ्यात एक रात्र राहिली. औपचारिक उद्‌घाटन त्यानंतर ४ सप्टेंबर रोजी झाले. राणीला डोंगराची खरोखरच आवड होती. एका प्रसिद्ध पिझ्झालाही परंपरेने तिचेच नाव लाभले आहे, आणि जगभर तिचे नाव घेतले जाते ते बहुतांशी त्या पदार्थामुळे. निवाऱ्यामुळे ते घेणारे थोडे.

त्याच १८९३ साली फ्रान्समध्ये ज्यूल जान्सेन या ज्योतिःशास्त्रज्ञाने माँ ब्लाँच्या माथ्यावर वेधशाळा उभारली. त्या माथ्यावर बर्फाच्या जाड थराखाली खडक सापडेना, म्हणून वेधशाळा बर्फावरच उभी करण्यात आली. बर्फ स्थिर नसते. वेधशाळा हळूहळू कलली, रुतत गेली आणि १९०९ मध्ये ती सोडून द्यावी लागली. मार्गेरिता निवारा मात्र खडकावर होता म्हणून टिकला. इमारतीचा पाया कशावर आहे, हा प्रश्न सखल प्रदेशात जितका महत्त्वाचा तितकाच तो साडेचार हजार मीटरांवरही असतो.

आंजेलो मोस्सो यांचे प्रयोग

तुरीन विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आंजेलो मोस्सो (१८४६–१९१०) यांचा मुख्य विषय थकवा हा होता. स्नायू किती काम करून किती दमतो हे मोजण्यासाठी त्यांनी एक यंत्र तयार केले होते. विरळ हवेत माणूस लवकर का दमतो, त्याचे डोके का दुखते, त्याला झोप का लागत नाही, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत बसून पुरती मिळणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. उद्‌घाटनानंतर वर्षभरातच, १८९४ च्या उन्हाळ्यात, ते सैनिकांची एक लहान तुकडी घेऊन निवाऱ्यात राहावयास गेले. नाडी, श्वास, शरीराचे तापमान, स्नायूंची ताकद यांची मोजमापे वर जाताना व वर राहिल्यावर घेण्यात आली. झोपलेल्या माणसाचा श्वास या उंचीवर विचित्र रीतीने चालतो, ही गोष्ट मोस्सो यांनी आलेखावर नोंदविली: श्वास क्रमाने खोल होत जातो, पुढे उथळ होतो, मध्येच काही क्षण थांबतो व पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेल्याला घाबरवून सोडणारा हा प्रकार आज वैद्यकात सुपरिचित आहे.

या साऱ्याचे कारण काय, याबाबत मात्र मोस्सो चुकले. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवून दिले होते की, उंचीवरील त्रासाचे मूळ प्राणवायूच्या तुटवड्यात आहे. मोस्सो यांचे म्हणणे असे होते की, रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होणे हे खरे कारण होय. पुढील संशोधनाने बेर यांच्या बाजूने कौल दिला. तरीही मोस्सो यांचा विचार सर्वस्वी वाया गेला असे म्हणता येणार नाही. कारण झोपेतील त्या थांबणाऱ्या श्वासामागे कार्बन डाय-ऑक्साइडचे घटलेले प्रमाण हेच एक प्रमुख कारण असल्याचे आता मानले जाते. त्यांच्या प्रयत्नाने १९०७ मध्ये याच डोंगरावर, सुमारे २,९०० मीटर उंचीवरील कोल द'ओलेन येथे निरनिराळ्या देशांतील संशोधकांसाठी एक संस्था सुरू झाली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

विरळ हवा आणि माणसाचे शरीर

उंचीवर हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण कमी होत नाही. ते सर्वत्र सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. निवाऱ्याच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत येणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, पुढे काही दिवस-आठवड्यांनी रक्तातील तांबड्या पेशींची संख्या वाढते. परंतु या बदलांना वेळ लागतो, आणि तो वेळ न देता माणूस वर गेला की डोकेदुखी, मळमळ, चक्कर, निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात.

हा त्रास किती जणांना होतो? स्विस आल्प्समधील चार निवाऱ्यांवर ४६६ गिर्यारोहकांची तपासणी करून १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध करण्यात आला. २,८५० मीटरांवर ९ टक्के, ३,०५० मीटरांवर १३ टक्के, ३,६५० मीटरांवर ३४ टक्के आणि चौथ्या निवाऱ्यावर, म्हणजे मार्गेरिता येथे, ५३ टक्के लोकांना हा विकार झालेला आढळला. (त्या काळच्या लेखनात निवाऱ्याची उंची ४,५५९ मीटर दिलेली असते.) तात्पर्य, या निवाऱ्यात रात्रीच्या जेवणाला बसलेल्या दोघांपैकी एकाचे डोके दुखत असते असे समजावयास हरकत नाही.

बहुतेकांचा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र तो प्राणघातक वळण घेतो. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हे आकुंचन सर्वत्र सारखे नसते. ज्या भागांत ते कमी असते तेथे रक्ताचा दाब अतोनात वाढून पातळ द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. रोग्याला बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो, ओठ निळे पडतात. पूर्वी याला न्यूमोनिया समजले जाई. उंचीमुळे होणारा हा स्वतंत्र विकार आहे, हे अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये मांडले. आणि त्याबद्दलचे मोठ्या प्रमाणावरील ज्ञान भारतातून आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हिमालयाच्या सरहद्दीवर तातडीने पाठविलेल्या जवानांमध्ये उंचीचे विकार मोठ्या प्रमाणावर दिसून आले होते. भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांवरील निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. या विषयावरील मूलभूत लेखनात ती आजही गणली जातात.

रोग समजला, तरी त्यावर औषध कोणते हा प्रश्न होताच. तो सोडविण्याच्या कामी मार्गेरिता निवाऱ्याचा मोठा उपयोग झाला. हिमालयात प्रयोग करावयाचा तर मोठी मोहीमच काढावी लागते. येथे मात्र सखल प्रदेशातील माणसाला एका दिवसात साडेचार हजार मीटरांवर नेता येते, वर छप्पर आहे, वीज आहे आणि गरज पडल्यास हेलिकॉप्टरने खाली आणता येते. ज्यांना पूर्वी फुप्फुसांत पाणी होण्याचा विकार झाला होता, अशा २१ गिर्यारोहकांना स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी त्यांच्या संमतीने येथे आणले. त्यांपैकी दहा जणांना रक्तवाहिन्या सैल करणारे निफेडिपिन हे औषध देण्यात आले व अकरा जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. औषध घेतलेल्यांपैकी एकालाच विकार झाला. दुसऱ्या गटातील सात जणांना तो झाला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा आधार जगभरातील डॉक्टर घेतात. त्याआधी डेक्सामेथासोन या औषधाचीही चाचणी येथेच घेण्यात आली होती. ही औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेण्याची नाहीत, आणि कोणत्याही औषधापेक्षा रोग्याला त्वरित खाली उतरविणे हाच पहिला उपाय आहे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी यात्रेकरू व प्रवासी लेह, केदारनाथ, अमरनाथ येथे जातात. ही स्थळे ३,२०० ते ३,९०० मीटरांच्या दरम्यान आहेत. लेहला विमानाने व केदारनाथला हेलिकॉप्टरने काही तासांत पोहोचता येते. म्हणजे मार्गेरिताच्या वाटेवर ज्या उंचीवर वाटाडे प्रवाशाला थांबवून मुक्काम करावयास लावतात, त्या उंचीवर वयस्कर यात्रेकरू सकाळी निघून दुपारी उतरलेले असतात. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरांपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वमान्य वैद्यकीय संकेत आहे. गावातून यात्रेच्या गाड्या निघतात तेव्हा औषधांच्या पिशवीबरोबर एवढी माहिती दिली गेली, तरी पुष्कळ काम होईल.

वाट आणि मुक्काम

मूळचा लाकडी निवारा वेळोवेळी वाढविला गेला, तरी अखेर तो जुना झाला. १९७९ मध्ये तो काढून टाकण्यात आला आणि ३० ऑगस्ट १९८० रोजी आजच्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. सांगाडा लाकडीच आहे, परंतु बाहेरून सर्वांगी तांब्याचे पत्रे मढविलेले आहेत. यामागे शोभेचा विचार नाही. शिखराच्या टोकावरील एकुलत्या एका इमारतीवर वीज पडणे हे ठरलेलेच. विजेचा प्रवाह धातूच्या या कवचातून बाहेरच्या बाहेर वाहून जातो व आतील माणसे सुरक्षित राहतात. आत सुमारे ७० जणांच्या झोपण्याची सोय, भोजनगृह, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा आहे. निवारा इटालियन आल्पाइन क्लबच्या मालकीचा असून तो उन्हाळ्यात, साधारणपणे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या प्रारंभापर्यंत, खुला असतो.

इटालियन बाजूने जाणारा प्रवासी आलान्याहून दोरमार्गाने पुंता इंद्रेन या ३,२७५ मीटर उंचीवरील ठिकाणी पोहोचतो. तेथून तास-दीड तासाच्या चालीवर ३,६४७ मीटरांवर न्यिफेत्ती निवारा आहे. त्या धर्मगुरूच्या नावाचा हा निवारा १८७६ पासूनचा, म्हणजे वरच्या निवाऱ्याहून जुना आहे. पहिली रात्र बहुतेक जण येथे काढतात. पहाटे अंधारातच निघावे लागते. ऊन वर आले की बर्फ मऊ होऊन पाय रुततात आणि हिमनदीतील भेगांवर साचलेले बर्फाचे पूल कच्चे होतात. या भेगा वरून दिसत नाहीत. त्यामुळे प्रवासी एकमेकांना दोराने बांधून, बुटांना लोखंडी दात्यांचे खिळे जोडून व हाती बर्फकुऱ्हाड घेऊन चालतात. एकट्याने जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय. लिस हिमनदीवरील ही चाल चार ते पाच तासांची आहे. कोले न्यिफेत्ती ही ४,४५२ मीटरांवरील खिंड लागली की वरती निवाऱ्याची काळसर पेटीसारखी आकृती स्पष्ट दिसते. आता अर्धा तास राहिला असे वाटते. पण याच टप्प्यात वीस पावले टाकून उभे राहण्याची पाळी भल्याभल्यांवर येते.

दारातून आत शिरताच प्रथम जाणवते ती ऊब व गर्दी. बूट, दोर, खिळे बाहेरच्या दालनात ठेवावे लागतात. गरम सूप व पास्ता मिळतो. पाणी मिळते, पण ते बर्फ वितळवून केलेले असल्यामुळे जपून वापरावे लागते. अंघोळीचा विचार मनात आणू नये. पदार्थांचे दर खालच्या मानाने जास्त वाटले, तरी धान्य, इंधन सर्व काही हेलिकॉप्टरने येते हे लक्षात घेतले पाहिजे. दक्षिणेकडील खिडकीतून पो नदीचे मैदान दिसते, आणि निरभ्र रात्री तेथील शहरांचे दिवे चमकतात. पूर्वेस डोंगर एकदम तुटून खाली गेलेला आहे.

रात्र मात्र लांब जाते. वर सांगितलेल्या पाचशे मीटरांच्या संकेताच्या दृष्टीने पाहिले, तर खालच्या निवाऱ्यापासून येथपर्यंत नऊशे मीटरांची उडी आहे. म्हणून अनेक वाटाडे आपल्या लोकांना वर नेऊन, तासभर विसावा देऊन त्याच दिवशी खाली आणतात. किंवा आधी एक-दोन दिवस शेजारच्या लहान शिखरांवर चढ-उतार करावयास लावतात. असे न करता सरळ वर मुक्कामास आलेले प्रवासी अंथरुणात कूस बदलत पडतात. कोणी उठून पाणी पितो, कोणी डोके धरून भोजनगृहात बसून राहतो. मोस्सो यांनी आलेखावर नोंदविलेला तो थांबून थांबून चालणारा श्वास प्रत्येक खोलीत ऐकू येतो. ज्याला चालताना तोल सांभाळता येत नाही किंवा बसल्या जागी धाप लागते, त्याला सकाळची वाट न पाहता खाली नेण्याची व्यवस्था करावी लागते.

कोले न्यिफेत्तीचे बर्फ

निवाऱ्याच्या खालच्या खिंडीतील बर्फ इतके थंड आहे की, ते उन्हाळ्यातही फारसे वितळत नसे. वर्षानुवर्षांचे हिम थरावर थर साचत गेले. १९७६-७७ पासून शास्त्रज्ञ तेथे खोल छिद्रे घेऊन बर्फाचे लांब गोल दांडे बाहेर काढीत आले आहेत. सहारा वाळवंटातून वाऱ्याने आलेल्या धुळीचे पिवळसर थर त्यांत दिसतात. २०१३ मध्ये काढलेल्या अशाच एका दांड्याच्या अभ्यासातून २०१७ साली एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. युरोपच्या हवेत शतकानुशतके आढळणारे शिसे १३४९ ते १३५३ या काळात जवळजवळ नाहीसे झाले होते. प्लेगच्या महाभयंकर साथीत माणसेच मेल्यामुळे खाणी व धातू गाळण्याच्या भट्ट्या बंद पडल्या होत्या. त्यापूर्वीची व नंतरची हवा नैसर्गिकरीत्या शुद्ध होती ही समजूत यामुळे बदलावी लागली.

हे बर्फ आता पूर्वीइतके सुरक्षित राहिलेले नाही. २५ जुलै २०२२ रोजी स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याच्या फुग्याला शून्य अंश तापमानाची पातळी ५,१८४ मीटरांवर आढळली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती ५,२९८ मीटरांवर गेली. म्हणजे त्या दिवसांत निवारा, त्याखालचा खडक आणि खिंडीतील बर्फ हे सर्व गोठणबिंदूच्या पातळीपेक्षा सहाशे मीटरांहून अधिक खाली होते. वितळलेले पाणी थरांतून झिरपले की त्यांत साठलेल्या रसायनांची नोंद पुसट होते. उंच डोंगरातील खडकांच्या फटी ज्या कायम गोठलेल्या बर्फाने सांधलेल्या असतात, ते बर्फ सैल झाल्याने आल्प्समध्ये दरडी कोसळण्याचे प्रकार वाढले आहेत. हिमनदीवरील वाटही दर हंगामात पाहून ठरवावी लागते. गेल्या वर्षी ज्या ठिकाणी बर्फाचा पूल होता, तेथे या वर्षी उघडी भेग असू शकते. निघण्यापूर्वी न्यिफेत्ती निवाऱ्यातील व्यवस्थापकाकडे त्या दिवसाच्या वाटेची चौकशी करण्याची पद्धत आहे, आणि वाटाडेही ती चुकवीत नाहीत.